ताण उतरवायला कपालभाती कशाला? (श्वास, प्राणशक्ती, ची, रेकी : जाणकार कोल्हापूरकरांनी लिहावं)

गंगावेस_नाका (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तपोवन मैदान, महावीर उद्यान, विद्यापीठाचा परिसर, रंकाळ्याचा काठ, सकाळी कुठंही फेरी मारा. जागोजागी पोट आत-बाहेर मारत बसलेली माणसं दिसतात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं : "टेन्शन फार वाढलंय, म्हणून कपालभाती सुरू केली."

माझं मत सरळ मांडतो. कपालभाती हे ताणावरचं औषध नाही. हठयोगात ती षट्कर्मांत, म्हणजे शरीर साफ करायच्या सहा क्रियांत येते, धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्या पंगतीत. आठ कुंभकांच्या (श्वास रोखून करायच्या प्राणायामांच्या) यादीत तिचं नाव नाही. ती अंग तापवते, कफ हलवते, झोप उडवते. सकाळी आळस घालवायला उत्तमच. पण शिरोलीच्या फाउंड्रीतून दुसरी पाळी संपवून रात्री साडेअकराला घरी पोचलेल्या माणसाला, मार्चअखेरीच्या बँकवाल्याला किंवा नीट परीक्षेच्या तयारीतल्या पोरांना हवं असतं ते याच्या नेमकं उलटं. ताणात श्वास आधीच छातीत चढलेला असतो, उथळ आणि भरभर. त्यालाच आणखी पळवायचा?

रेचक लांबवणं, म्हणजे सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा सावकाश करणं, हा सगळ्या पद्धतींचा गाभा आहे असं मला वाटतं. बाकीचं त्याच्याभोवतीचं. जाणकारांनी तीन गोष्टींवर लिहावं : दिवस संपल्यावर पंधरा मिनिटांत नेमकं काय करावं, आपला प्राण, चिनी ची आणि हात ठेवून करायची जपानी रेकी यांत जी "शक्ती" मानतात तिचा ताणाशी व्यवहारात संबंध काय, आणि लोकांचं चुकतं कुठं. स्वतःच्या कहाण्या नकोत, कृती लिहा.

नाडी_परीक्षा

रेचकाबद्दल तुमचं बरोबर आहे आणि ते दोन मिनिटांत तपासता येतं. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला उजव्या हाताची तीन बोटं ठेवा. हलकी ठेवायची, दाबायची नाहीत. नाडी लागली की चार आकडे श्वास घ्या, सहा आकडे सोडा. घेताना ठोके जरा जवळजवळ पडतात, सोडताना लांब जातात. तरुण माणसात हा फरक बोटाला स्पष्ट कळतो, वय वाढलं की कमी होतो. रेचकात व्हेगस नर्व्ह (मेंदूतून हृदयाकडं येणारी नस) हृदयाला लगाम घालते, पूरकात, म्हणजे श्वास घेताना, तो सैल सुटतो. श्वास सोडण्याचा काळ लांबवला की लगाम जास्त वेळ ओढलेला राहतो, एवढंच.

दुसरा भाग वेगाचा. बसल्या जागी मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास होतात. ते सहाच्या आसपास आणले की श्वास आणि रक्तदाबाच्या लहरी एका तालात येतात. मानेतल्या रक्तवाहिन्यांतली आणि महाधमनीतली दाब मोजणारी मज्जातंतूंची टोकं तेव्हा सगळ्यांत चांगलं काम करतात. २००१ साली इटलीत बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी मोजलं, तर माळेवर म्हटलेली लॅटिन प्रार्थना आणि "ॐ मणिपद्मे हुम्" हा मंत्र, दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहावर आला. तेव्हा हरिपाठ संथ लयीत म्हणणाऱ्या आजींना वेगळा प्राणायाम शिकवायच्या आधी त्यांचा श्वास मोजून बघा.

लाल_माती

कपालभातीला नावं ठेवू नका भावा. पैलवान मेहनतीला उभा राहायच्या आधी अंग तापवायला काहीतरी लागतंच की. पण ताणाचं म्हणाल तर तालमीत त्याचा तोडगा कवाचाच हाय. जोर मारताना, बैठका काढताना तोंड मिटलेलं पाहिजे, दम नाकानंच. दम तोंडाला आला की वस्ताद आकडा तिथंच थांबवतो. आणि मेहनत झाली की लगेच बाहेर पळायचं न्हाई. हौद्यातली, म्हणजे आखाड्यातली माती अंगाला लावून घाम जिरवायचा, निवांत पडून राहायचं. हळद, ताक, तेल घातलेली माती गार असती, पाठ टेकली की श्वास आपोआप पोटात उतरतो. शवासन म्हणजे तरी दुसरं काय?

डोक्यानं थकलेल्या माणसाला नुसतं बसवून श्वास मोजायला लावला तर तो पाच मिनिटांत वैतागतो. आधी २० बैठका, १० जोर, मग बसव. अंगातला ताठा गेल्याशिवाय श्वास खाली येत न्हाई.

शाहूपुरी_सकाळ

पण कपालभाती आणि भस्रिकेनं (भात्यासारखा जोरानं भरभर श्वास) रक्तातला ऑक्सिजन वाढतो, मेंदूला जास्त मिळतो आणि म्हणून हलकं वाटतं, असंच सगळे शिबिरांत सांगतात. ते चुकीचं आहे का?

नाडी_परीक्षा

चुकीचं आहे. निरोगी माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावा, बसल्या जागी आकडा ९६ ते ९८ दिसेल. हिमोग्लोबिन जवळपास भरलेलंच असतं, त्यात आणखी कोंबायला जागा नाही. भरभर श्वासानं कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. तो कमी झाला की रक्त अल्कलीकडे झुकतं, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. या मुंग्यांना "शक्ती वाहायला लागली" म्हणून आणखी जोर लावणारे आहेत. तिथं थांबायचं असतं.

प्राणायामाची किंमत जादा ऑक्सिजनमध्ये शोधू नका, हे स्वामी कुवलयानंदांनी फार आधीच सांगितलं. त्यांनी लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम उभं केलं आणि त्याच वर्षी योगावरचं संशोधनाचं नियतकालिकही काढलं. क्ष-किरण आणि दाब मोजायची उपकरणं घेऊन योगक्रिया तपासायची ही परंपरा आपल्या महाराष्ट्रातली आहे, आपणच ती विसरतो याचं वाईट वाटतं.

इडापिंगला

गंगावेस_नाका, रेचक लांबवा हे सांगणं सोपं आहे, पण चुकतं तिथंच. लोक पहिल्याच दिवशी १:२ धरतात, चार घेतात आणि आठ सोडायला जातात. सहाव्या आकड्याला छाती आवळते, मग पुढचा श्वास हपापून येतो. त्या हपापण्यानं आधीचा सगळा फायदा गेला. कसोटी एकच ठेवा : रेचकानंतरचा पूरक घाईनं आला तर प्रमाण जास्त झालं. सुरुवात तीन आणि चार. पुढं चार आणि पाच. मग चार आणि सहा, म्हणजे दहा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा. तिथं काही महिने राहायला हरकत नाही. १:४:२ चा (घेणं, रोखणं, सोडणं) कुंभक गुरूसमोर बसून शिकायची गोष्ट आहे, यूट्यूबवर बघून नव्हे. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करतात तसा वायू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो, हा इशारा हठयोगाच्या ग्रंथातच दिलेला आहे.

अनुलोम-विलोमाची कृती नीट लिहिते, कारण बागेत बघितलं तर दहा प्रकारचे हात दिसतात.

बैठक : मांडी घालून बसता येत नसेल तर खुर्चीच्या पुढच्या काठावर बसा, तळवे जमिनीला. मांडी घालणाऱ्यांनी बुडाखाली चार बोटं जाडीची घडी घ्यावी, गुडघे कमरेच्या खाली आले पाहिजेत. घडी नसेल तर कंबर मागं ढळते, पोट दबतं आणि छाती-पोटामधला श्वासाचा पडदा खाली सरकत नाही. निम्म्या लोकांचा प्राणायाम या एका घडीपायी अडतो.

हात : उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्याकडं मिटवा. अंगठा उजव्या नाकपुडीला, अनामिका डाव्या नाकपुडीला. नाकाचं हाड जिथं संपून मऊ भाग सुरू होतो, तिथं बोट अलगद टेकवायचं. चिमटा काढायचा नाही, नाकातला पडदा वाकला तर समोरची नाकपुडीही अरुंद होते. कोपर बरगडीला चिकटवू नका आणि हवेत ताणूनही धरू नका. हात भरून आला तर डाव्या तळव्यावर कोपर ठेवा.

क्रम : डावीनं घ्या, उजवीनं सोडा, उजवीनं घ्या, डावीनं सोडा. एक आवर्तन. आवाज आला तर वेग जास्त आहे. सुरुवातीला पाच आवर्तनं पुरे, पुढं दहा-बारा. शेवट डावीवर सोडून, हात खाली ठेवून दोन मिनिटं तसंच बसायचं. लोक लगेच उठून चपला शोधायला लागतात, ते नको.

पन्हाळ्याची_वाट

सर्दी झाली की एक नाकपुडी बंदच असते, तेव्हा काय करायचं? आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये अर्ध्या गावाचं नाक चोंदलेलं असतं.

इडापिंगला

नाकपुड्या काही तासांनी आलटून-पालटून सुजतात आणि मोकळ्या होतात, हे निरोगी माणसातही होतं. कायझर नावाच्या जर्मन वैद्यानं १८९५ साली त्याची नोंद केली, आपल्या स्वरशास्त्राला (कुठल्या नाकपुडीतून श्वास चालतो ते बघणारं शास्त्र) ते आधीपासून ठाऊक होतं. उजव्या कुशीवर पडलं की वरची, म्हणजे डावी नाकपुडी मोकळी होते. साधू काखेत योगदंड धरतात तो यासाठीच, उजव्या काखेत दाब आला की डावी उघडते. घरी जाड टॉवेलची गुंडाळी पाच-सात मिनिटं काखेत दाबून धरली तरी काम होतं. पण नाक सर्दीनं पूर्ण चोंदलं असेल तर अनुलोम-विलोम सोडून द्या, जोर लावून कान दुखतील. त्या दिवशी भ्रामरी करा.

गूळ_आणि_दाणे

भ्रामरी सांगताय खरं, पण राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये केली तर खालच्या मजल्यावरचे मिक्सर जळाला का विचारायला वर येतील! :)

इडापिंगला

हळू आवाजातलीच भ्रामरी करायची असते, कुणी येणार नाही. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून किंचित सुटलेले, जबडा सैल. कानाच्या भोकापुढं जो छोटा कुर्चेचा उंचवटा असतो तो अंगठ्यानं आत दाबा, बोट भोकात घालू नका. नाकानं श्वास घ्या आणि सोडताना खालच्या पट्टीत गुणगुण करा. आवाज टाळूत आणि कपाळात कंप पावला पाहिजे. घशात खरखर आली तर पट्टी आणखी खाली आणा. दात घट्ट आवळले असतील तर कंप लागत नाही, आणि ताणातल्या माणसाचे दात आवळलेलेच असतात, म्हणून आधी दोन मोठ्या जांभया द्या. पाच ते सात वेळा पुरे.

यात मोजण्याची गरज राहत नाही, हा मोठा फायदा. गुणगुणताना हवा आपोआप सावकाश जाते, रेचक १०-१२ सेकंदांचा सहज होतो. २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी मोजलं तेव्हा गुणगुणताना नाकातला नायट्रिक ऑक्साइड शांत श्वासाच्या १५ पट निघाला. सायनसमधली हवा खेळती होते.

स्थिरपाद

तीन दिवस हा धागा वाचतोय. सगळे बसून करायच्या गोष्टी सांगताय. लाल_माती यांचा मुद्दा मला पूर्ण पटला. ज्याच्या खांद्यांत, मानेत, जबड्यात ताण मुरलाय त्याला उभं करा. चीनमधल्या ची-कुंग परंपरेत उभं राहणं हीच पहिली इयत्ता.

पावलं खांद्याइतक्या अंतरावर, समांतर. गुडघे किंचित मोडलेले, पण पायाच्या बोटांच्या पुढं जाता कामा नयेत. माकडहाड खाली सोडा, उंच स्टुलावर टेकायला निघाल्यागत. वजन तळव्याच्या मध्यावर, टाचेवर किंवा चवड्यावर नाही. जीभ वरच्या दातांच्या मागं टाळूला टेकलेली. हात छातीसमोर गोल, मोठं झाड कवेत घेतल्यासारखे, कोपरं मनगटांपेक्षा खाली आणि काखेत एका मुठीची पोकळी. लक्ष बेंबीखाली तीन बोटांवर, पोटाच्या आत. चिनी लोक त्या जागेला दानतियान म्हणतात. सुरुवात तीन मिनिटांनी. मांड्या थरथरल्या तर घाबरू नका, ते ठीक आहे. गुडघा दुखला तर लगेच वर या, ते ठीक नाही. उतरताना हात पोटावर ठेवून थोडं थांबा.

हालचाल हवी असेल तर बादुआनजिन, आठ हालचालींचा संच. दोन्ही हात आकाशाकडं ढकलणं, धनुष्य ओढल्यासारखे हात, एक हात वर एक खाली, मागं वळून बघणं वगैरे. शेवटच्या हालचालीत टाचा उचलून हलकेच आपटायच्या. प्रत्येक सहा ते आठ वेळा, सगळं मिळून १५ मिनिटांच्या आत. चिनी सरकारच्या क्रीडा विभागानं २००३ मध्ये याचा ठरीव संच केला, त्यामुळं कुठंही शिकलात तरी क्रम तोच.

"ची" खरंच असते का, यावर वाद घालून हाती काही लागत नाही. शिकवताना तिचा उपयोग असा होतो की "पोटाचा स्नायू सैल कर" म्हटल्यावर माणूस पोट बघत बसतो, आणि "वजन तळपायातून जमिनीत उतरू दे" म्हटल्यावर खांदे आपोआप पडतात.

हातांची_ऊब

मग रेकीवरही लिहिते. लोक तिला चमत्कार तरी समजतात नाहीतर फसवणूक. मिकाओ उसुई यांनी १९२२ साली क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावरच्या साधनेनंतर ही पद्धत सुरू केली. त्यांचे शिष्य हायाशी यांनी हात ठेवण्याचे क्रम ठरवले, आणि हवायो ताकाता यांनी ती हवाई बेटांवर नेली, तिथून जगभर पसरली. जपानी मूळ रूपात रोजची पाच वचनं आहेत : आजच्या दिवसापुरता राग नको, आजच्या दिवसापुरती काळजी नको, अशी. माझ्या मते ताणावरचं खरं काम इथं आहे. "आजच्या दिवसापुरतं" हे वचन डोक्यात ठेवून बसलं की उद्याची यादी थांबते.

स्वतःवर करायची कृती : पाठीवर पडा, गुडघ्यांखाली उशी. दोन्ही तळवे डोळ्यांवर, मग कानशिलांवर, डोक्यामागं, घशाजवळ (दाबायचं नाही), छातीवर, बरगड्यांखाली, बेंबीवर, ओटीपोटावर. प्रत्येक जागी तीन ते पाच मिनिटं, बोटं जुळलेली, हाताचं वजन फक्त टेकलेलं. वेळ कमी असेल तर छाती आणि बेंबी या दोनच जागा. झोपायच्या आधी याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

नाडी_परीक्षा

हातांची_ऊब, छाती आणि पोटावर हात ठेवून पडणं उत्तम आहे, त्यावर वाद नाही. पण हातातून काही बाहेर जातं, या दाव्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत एमिली रोझा या शाळकरी मुलीनं स्पर्शोपचार करणाऱ्या २१ जणांची चाचणी घेतली. ती रेकी नव्हती, पण दावा तसाच होता. पडद्याआडून त्यांच्या उजव्या की डाव्या हाताजवळ तिनं हात धरलाय, ते ओळखायचं. २८० वेळांत बरोबर उत्तरं ४४ टक्के आली. डोळे मिटून ठोकली असती तरी निम्मी बरोबर आली असती. १९९८ साली ते एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

मग तळवे गरम का होतात? अंग शिथिल झालं की हातांच्या बारीक रक्तवाहिन्या पसरतात, त्वचेचं तापमान वाढतं. जर्मनीत शुल्ट्झ यांनी १९३२ मध्ये यावरच एक पद्धत उभी केली, "उजवा हात जड आहे, उजवा हात गरम आहे" असं मनात म्हणत जायची. ती ऊब ही शिथिल झाल्याची खूण. म्हणून तिची किंमत मोठी आहे.

हातांची_ऊब

तो प्रयोग मला माहीत आहे. दुसऱ्याच्या आजारावर दावे करणाऱ्यांबद्दल मीही तुमच्याच बाजूला आहे. रेकीनं गाठ विरघळते, साखर जाते असं सांगून पैसे घेणाऱ्याकडं कुणी जाऊ नये. दीक्षेच्या पायऱ्या लावून फी वाढवत नेतात तेही बरोबर नाही. पण तापलेल्या मनाच्या माणसाजवळ कुणीतरी शांतपणे पाऊण तास हात ठेवून बसतं, एक शब्द न बोलता, हे आजच्या दिवसांत किती जणांच्या वाट्याला येतं? ते "नुसता विश्वास" म्हणून टाकून देऊ नका.

नाडी_परीक्षा

हे मान्य. यापुढं वाद नाही.

आळत्याचा_रस्ता

हातकणंगले तालुक्यात आळत्याजवळ विपश्यनेचं केंद्र आहे, दहा दिवसांची शिबिरं होतात, फी नाही, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर चालतं. वर लिहिलेल्या सगळ्या पद्धतींपेक्षा तिथली रीत वेगळी आहे, म्हणून लिहितो. तिथं श्वास लांबवायचा नाही, मोजायचा नाही, मंत्र जोडायचा नाही. पहिले तीन-साडेतीन दिवस नाकाखालच्या, वरच्या ओठापर्यंतच्या छोट्या त्रिकोणात येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा बघायचा. मग त्याच लक्षानं डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत जायचं. खाज आली, कळ आली, तरी हलायचं नाही, ती जाते हे बघायचं.

याचा उपयोग ताण "उतरवायला" कमी, ताणाशी भांडण थांबवायला जास्त. पण सध्या मनाच्या आजाराचा उपचार चालू असेल, झटके येत असतील, तर अर्जात खरं लिहा आणि आधी डॉक्टरांना विचारा. दहा दिवसांचं मौन प्रत्येकासाठी नसतं.

स्थिरपाद

याला जोड देतो. चीनमध्ये ची-कुंगच्या अतिरेकानं भ्रम, भास झालेल्यांच्या नोंदी आहेत, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९४ च्या सूचीतही त्या प्रकाराला जागा मिळाली. तास-तासभर एकटं बसून शक्ती "वर चढवण्याचे" प्रयोग करू नयेत. लक्ष वर डोक्यात नको, खाली पोटात आणि तळपायात ठेवा.

पन्हाळ्याची_वाट

आणि ज्याला श्वासाकडं लक्ष दिलं की जास्तच घाबरायला होतं? एकदम छातीत धडधड सुरू होते, दम कोंडल्यासारखं वाटतं. ही तक्रार बऱ्याच जणांची असते.

नाडी_परीक्षा

फार महत्त्वाचा प्रश्न. पॅनिकचे झटके येणाऱ्यांना श्वास मोजायला लावू नये, त्यांचं भय श्वासाशीच बांधलेलं असतं. त्यांनी स्नायूंवरून जावं. जेकबसन या अमेरिकन वैद्याची ही पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली : उजवी मूठ पाच-सात सेकंद आवळा, एकदम सोडा, वीस-तीस सेकंद सैलपणा जाणवू द्या. मग डावी मूठ, दंड, खांदे कानाकडं ओढून, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. पोटरी हळू आवळा, पेटका येतो. श्वासाचं नावही काढायचं नाही, तो आपला आपण सावकाश होतो.

कपालभाती, भस्रिका आणि कुंभक कुणी टाळावं तेही इथंच लिहून ठेवतो : रक्तदाब ताब्यात नसलेले, हृदयविकाराचे, हर्निया, काचबिंदू, अपस्मार असलेले, गरोदर स्त्रिया, आणि पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेले. संथ अनुलोम-विलोम कुंभकाशिवाय यांतल्या बहुतेकांना चालतो. रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. आठवड्यात आकडे उतरलेले दिसले तरी नोंदवही घेऊन डॉक्टरांकडं जा. आणि झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नको वाटायला लागलं तर प्राणायामावर विसंबू नका. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलतात.

गंगावेस_नाका (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. चर्चा मोठी झाली, आता मूळ प्रश्नावर परत या. पंधरा मिनिटं आहेत, माणूस दुसऱ्या पाळीवरून रात्री घरी आलाय, पोट भरलेलं आहे, डोकं अजून मशीनपाशी आहे. कोणत्या क्रमानं?

इडापिंगला

पोट भरलेलं असेल तर आडवं पडून लगेच काही नको, रश्श्याचं जेवण झालं असेल तर मुळीच नको, आंबट वर येतं. पहिली पाच मिनिटं स्थिरपाद यांनी सांगितलेलं उभं राहणं, हात खाली सोडून. त्यात बळ लावायचं नाही, नुसते खांदे आणि जबडा सोडायचा. पुढची तीन मिनिटं खुर्चीत बसून दुहेरी श्वास : नाकानं श्वास घ्या, भरल्यावर वरती आणखी एक छोटा घोट घ्या, मग तोंडानं लांब सोडा. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासात रोज पाच मिनिटं हे करणाऱ्यांचं मन ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त प्रसन्न झालेलं आढळलं. मग पाच वेळा भ्रामरी. बाकीची मिनिटं चार-सहाचा साधा श्वास, डोळे मिटून, हात पोटावर.

गुऱ्हाळात पाक जमायला आला की गुळव्या काहिलीखालचा जाळ कमी करतो, एकदम पाणी ओतत नाही. पाळीवरून आलेल्या माणसाला पलंगावर पाडून "शांत हो" म्हणणं म्हणजे तसं पाणी ओतणं आहे. म्हणून आधी उभं, मग बसून, शेवटी आडवं.

लाल_माती

आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत, हे कोण लिहिणार?

हातांची_ऊब

लिहिलंत ते बरं केलंत.

आठ_ते_आठ

आडवं झाल्यावर झोप येत नसेल तर योगनिद्रा. मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांनी रूढ केलेला क्रम : उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी, तळवा, मनगट, कोपर, खांदा, काख, कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, टाच, तळपाय, पायाची बोटं. मग तसंच डावीकडं, मग पाठ, मग पुढची बाजू. प्रत्येक अवयवावर एक-दोन सेकंदच थांबायचं. जास्त थांबलात की मन तिथून निसटून उद्याच्या लोडिंगकडं जातं. अंगावर पातळ चादर हवी, शिथिल झालं की अंग गार पडतं आणि थंडीनं जाग येते.

रात्रपाळीवाल्यांनी सकाळी घरी आल्यावर हेच करायचं, पण खिडकीला जाड पडदा. उजेडात योगनिद्रा लागते, झोप लागत नाही.

पन्हाळ्याची_वाट

हंगामाचं एक सांगून ठेवतो. ऊसतोड सुरू झाली की पाचट पेटवतात, पहाटे धुकं आणि धूर दोन्ही जमिनीलगत बसतात. गुऱ्हाळांचा धूर वेगळा. त्या दिवसांत रंकाळ्यावर किंवा शेताकडेला पहाटे खोल श्वासाचे प्रकार करणं म्हणजे तो धूर छातीत भरून घेणं. ऊन पडल्यावर, आठनंतर करा, नाहीतर घरात. दमेकऱ्यांनी तर घरातच.

शाहूपुरी_सकाळ

आमच्या गटात कपालभातीचा वेग जास्त झालाय, हे आता कळतंय. उद्यापासून २० ठोक्यांची तीन आवर्तनं, मध्ये प्रत्येकी एक मिनिट साधा श्वास, आणि शेवटी अनुलोम-विलोम, असं ठेवलं तर चालेल का?

इडापिंगला

चालेल. ठोका मिनिटाला ६० च्या वर नेऊ नका, पूरक आपोआप येऊ द्या, खांदे हलताना दिसले तर त्या माणसाला थांबवा. बुडाखालची घडी सगळ्यांना घरून आणायला सांगा, जुनी सतरंजी चालते.